संगमाच्या पलीकडचे कराड

कराडच्या नगरपालिका हद्दीतली वस्ती 2011 च्या जनगणनेत पंचावन्न हजारांच्याही आत होती. पण 1960 साली इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हापासून राज्यभरातली मुले या गावात शिकायला येतात. कृष्णेपलीकडचे विद्यानगर आणि महामार्गालगतचे मलकापूर त्यांच्यामुळे गजबजलेले असते. यातले बहुतेक जण चार वर्षे काढून एकच ठिकाण पाहून जातात, ते म्हणजे प्रीतिसंगम. ते पाहण्याजोगे आहेच. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि वळून एकत्र पुढे निघतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पण नद्या इथे भेटल्या म्हणून माणसांनी काय काय केले, हे संगमावर उभे राहून दिसत नाही. त्यासाठी आगाशिवचा डोंगर, पंताच्या कोटातली विहीर आणि खोडशीचा बंधारा एका ओळीत पाहावे लागतात. सुटे सुटे पाहिले तर त्यातले प्रत्येक किरकोळ वाटते, आणि माझ्या मते त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचे खरे कारण हेच आहे.

आगाशिवचेच घ्या. गावाच्या नैर्ऋत्येला, जखिणवाडीच्या वर, या डोंगरात साठेक बौद्ध लेणी खोदलेली आहेत. श्रावणी सोमवारी माथ्यावरच्या महादेवाला माणसांची रीघ लागते, पण वाटेतल्या लेण्यांत क्वचितच कोणी वळते. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्याला इथे काय दिसणार, हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. चित्रे नाहीत, मोठी शिल्पे नाहीत. लहान लहान खोल्या, भिंतीला लागून झोपण्यासाठी सोडलेला दगडी ओटा आणि पाण्याची टाकी, एवढाच बहुतेक लेण्यांचा ऐवज. चैत्याच्या दर्शनी भागात मात्र दोन बाजूंना दोन खांब कोरले आहेत, एकावर धर्मचक्र आणि दुसऱ्यावर सिंह. पण एवढ्या साध्या खोल्या इतक्या संख्येने एका गावाजवळ खोदल्या गेल्या, यालाच महत्त्व आहे. पावसाळाभर एका जागी राहणाऱ्या भिक्खूंना रोजची भिक्षा घालू शकेल असे संपन्न गाव पायथ्याशी होते, असा त्याचा अर्थ होतो. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या लेखांत दान देणाऱ्यांच्या गावांत ‘करहकट’ येते आणि अभ्यासक ते कराडच मानतात. हा स्तूप साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. कुंभार्ली घाटाने कोकणात उतरणारी वाट कोयनेच्या खोऱ्यातूनच जाते. नदीकाठची जमीन आणि घाटाचा रस्ता एकत्र आल्यावर पैसा आला, आणि त्याचा पुरावा या ओट्यांत आहे.

गावातल्या जुन्या कोटात, म्हणजेच पंताच्या कोटात, नकट्या रावळ्याची विहीर आहे. लांबलचक पायऱ्यांनी खाली उतरत जावे तसे बांधकामाचे चिरे दोन्ही अंगांना उंच होत जातात. दोन नद्या हाकेच्या अंतरावर असताना विहीर कशाला, असे कोणालाही वाटेल. पण कोट उंचावर आहे आणि वेढ्याच्या काळात नदीपर्यंत उतरणे जिवावरचे असते. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी गावाच्या वरच्या अंगाला खोडशी इथे कृष्णेवर बंधारा घालून कालवा काढला. त्याचे पाणी आजही सांगली जिल्ह्यापर्यंत जाते, आणि या पट्ट्यातल्या उसाचा विचार त्याला वगळून करता येत नाही. कोयनेवरचे मोठे धरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर घेतले जाते.

अभ्यास आणि परीक्षांतून मुलांना वेळ कुठे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर या जागांतच आहे. स्थापत्य शिकणाऱ्याला चिरेबंदी भिंतीवर मातीचा दाब कसा पेलला आहे ते विहिरीत दिसेल, बंधाऱ्यावरून पाणी कसे ओसंडते ते खोडशीला दिसेल, आणि ठिसूळ थराच्या खडकात खोदकामाला कशी मर्यादा पडते ते आगाशिवला. एका रविवारी एक जागा, इतकेच पुरे आहे. गर्दी वाढली की भिंतींवर नावे कोरली जातील, ही भीती जास्त गंभीर आहे. पण ओस पडलेल्या जागेचीही नासधूस होतेच, फक्त ती वेळेवर कोणाच्या लक्षात येत नाही. महाविद्यालयांनी दरवर्षी एका तुकडीकडून या लेण्यांची आणि विहिरीची मोजमापे व छायाचित्रे करून घ्यावीत आणि आधीच्या वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहावीत. कोणता चिरा सुटला, कोणत्या टाक्यात गाळ भरला, हे पुरातत्त्व खात्याला तारखेनिशी सांगता येईल. ही मोजणी दिवाळीनंतर करावी, तेव्हा डोंगरातल्या वाटा कोरड्या असतात.