नगरला जन्मलेला विदूषक

पनवेलहून घाट चढला की पुणं, पुढे शिरूर मागे टाकलं की नगर. इंग्रजांच्या विनोदाला उलटंपालटं करणारा माणूस याच वाटेवरच्या लष्करी छावण्यांत वाढला, याचं मला अजून नवल वाटतं.

स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला जन्मला. वडील लिओ आयरिश, ब्रिटिश फौजेत, आणि रंगमंचाचे भारी हौशी. मुलाचं बालपण पुण्याच्या कॅम्पात आणि मग रंगूनला गेलं. पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या नाटकात त्याला विदूषकाचं काम मिळालं. शेवटी सगळे येशूच्या गव्हाणीभोवती जमणार, विदूषकानं मात्र लांब थांबायचं, असं ठरलेलं. पोराला ते पटेना. तो माणसांतून वाट काढत थेट गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला. ही आठवण तो मोठेपणीही सांगायचा.

दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. १९४४ मध्ये इटलीत जखमी झाला. मग आला बीबीसी रेडिओवरचा 'द गून शो', १९५१ ते १९६०. सोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब. त्यातला भित्रा, पैशाला हपापलेला मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानी फौजेतला जुना अधिकारी. छावणीतले साहेब लहानपणी डोळे भरून पाहिल्याशिवाय असा माणूस लिहिता येत नाही, असं मला वाटतं.

रेडिओवर डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून मिलिगन आवाजाच्या मागे हात धुऊन लागे. कस्टर्डनं भरलेला मोजा आपटल्याचा आवाज हवा होता. त्यानं कँटीनमधल्या बाईंकडून कस्टर्ड करून घेतलं, पायातला मोजा काढून त्यात ओतलं आणि फळीवर दाणकन हाणलं!

दर आठवड्याला नवी संहिता लिहिण्याचा ताण असह्य होता. १९५२ च्या अखेरीस मन कोसळलं, रुग्णालयात जावं लागलं. नैराश्याचे झटके आयुष्यभर येत राहिले, तरी तो लिहीत राहिला.

टीव्हीवर १९६९ मध्ये त्याची 'क्यू५' ही विनोदी मालिका आली. एखादा प्रवेश शेवटचा विनोद न करताच सोडून द्यायचा, ही त्यातली रीत. काही महिन्यांनी सुरू झालेल्या 'मॉन्टी पायथन'च्या मंडळींनी हे ऋण उघडपणे मानलं. त्याच वर्षी 'करी अँड चिप्स'मध्ये तोंडाला रंग फासून त्यानं पाकिस्तानी-आयरिश माणूस रंगवला. ती मालिका ६ भागांत बंद पडली, आणि ते बरंच झालं.

हिंदुस्थानात जन्म, वडील आयरिश, त्यामुळे ब्रिटिश नागरिकत्वाचा घोळ झाला. राणीशी निष्ठेची शपथ घ्यायला तो तयार नव्हता. मग त्यानं आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. त्याच्या युद्धातल्या आठवणींवर १९७३ मध्ये चित्रपट आला, तेव्हा तरुण स्पाइकचं काम जिम डेलनं केलं. मिलिगननं स्वतःसाठी निवडली ती वडिलांची, लिओंची भूमिका.