माप कोणाच्या हाती?

कारखान्यात घड्याळ घेऊन कामाचा वेळ टिपणारा इसम आला, की कामगारांनी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सांगत आलो आहोत. घड्याळ कोणाचे? मोजतो काय? आणि तेच माप आपल्याला पुन्हा घेता येईल काय?

गेल्या वर्षी मुळामुठेच्या काठच्या आमच्या खराडीत एका सोबत्याचा मुलगा आमच्याकडे आला. संगणकावरील खेळ अडखळतात, म्हणून बापाच्या दिवाळी बोनसातून नवा प्रोसेसर घ्यावा असा त्याचा बेत होता. एका संकेतस्थळाने त्याला सांगितले होते, की प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला तेवीस टक्के अडवितो. “काका, हा आकडा खरा धरायचा का?” त्याने विचारले. संगणकातले आम्हांला बेताचेच कळते. परंतु आमचे तीन प्रश्न येथेही लागू पडले.

घड्याळ कोणाचे? २००३ साली ‘थ्रीडीमार्क०३’ या चाचणीच्या कर्त्यांनी जाहीर केले, की एनव्हिडियाचे ड्रायव्हर चाचणी ओळखून काही काम गाळतात. पुढे उभयतांनी मिळून ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला. पण ज्याचे माप घ्यायचे तोच मापाला ओळखत असेल, तर सावध राहावे हा धडा उरलाच.

मोजतो काय? ‘यूजरबेंचमार्क’ने २०१९ साली अनेक गाभ्यांच्या कामाला दिलेले वजन दहा टक्क्यांवरून दोनवर आणले. प्रोसेसर तेच होते, क्रम मात्र बदलले. सरासरीचेही तसेच. सेकंदाला साठ चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटायच्या तर प्रत्येकीला सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतो. एखादी फ्रेम शंभर सहस्रांश रेंगाळली तर डोळ्याला धक्का बसतो, सरासरीत मात्र ती दिसत नाही. सरासरी मजुरी चांगली असली म्हणून शेवटच्या कामगाराची चूल पेटतेच असे नाही! म्हणून सर्वांत मंद अशा शंभरातल्या एका फ्रेमेचा आकडा अवश्य पाहावा.

पुन्हा मोजता येईल काय? इंटेलचे ‘प्रेझेंटमॉन’ हे साधन फुकट मिळते, त्याची घडण सर्वांना खुली आहे आणि ते प्रत्येक फ्रेमेचा वेळ टिपते. आपला नेहमीचा खेळ घ्यावा, त्यातला एकच प्रसंग तीनदा खेळून मोजावा. मग रिझोल्यूशन उतरवून पाहावे: फ्रेम वाढल्या तर भार कार्डावर होता, न वाढल्या तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे.

मुलाने मोजले. रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम वाढेनात. म्हणजे दोष प्रोसेसरकडेच दिसला. परंतु पहिली वीस मिनिटे खेळ सुरळीत चाले आणि पुढे अडखळे, हे त्याच्या वहीत स्पष्ट उतरले होते. म्हणून त्याने तापमान पाहिले. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग उतरवितो. आणि याच्या पंख्यात तर दोन वर्षांची धूळ साचली होती. पंखा साफ केला, प्रोसेसरवरचा लेप नवा लावला, आणि अडखळणे पुष्कळ कमी झाले. बोनस घरात राहिला.

संकेतस्थळाला ती धूळ दिसणे शक्य नव्हते. दुसऱ्याचा आकडा ऐकून घ्यावा; पैशाची थैली मात्र आपल्या मापावर उघडावी.