डावी बाजू, उजवी बाजू

बोईसर स्टेशनबाहेर मासळी विकणाऱ्या एका मावशींनी मागे मला पाटीतली निवटी उचलून दाखवली. "भाई, हिचा एक पर बघा, तोकडा आहे. कंपन्यांच्या पाण्यानं झालं हे. लिहा यावर कविता." कविता काही झाली नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. एका तोकड्या पराने पाण्यावरचा आरोप सिद्ध होतो का?

त्याच पाटीत लेपीही होती. तिचे दोन्ही डोळे एकाच बाजूला! पिल्लू असताना ते दोन बाजूंना असतात, मग एक सरकत पलीकडे जातो. खाडीतल्या एका जातीच्या खेकड्यात नराची एकच नांगी भलीमोठी असते. हे वाकडेपण रोगाचे नव्हे. तो त्या जातीचा नमुनाच.

तिसरा प्रकार वेगळा. दोन्ही बाजू सारख्या व्हायच्या असतात, पण बारीकसा फरक राहतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. अमेरिकी शास्त्रज्ञ ली व्हॅन व्हॅलेन यांनी १९६२ मध्ये हे तीन प्रकार नीट वेगळे केले. तिसऱ्याला आपण 'डळमळता फरक' म्हणू.

दोन्ही बाजूंचा आराखडा एकच, जनुकेही तीच. मग फरक कुठून येतो? शेर लिहिताना दोन्ही ओळी एकाच वृत्तात बसवाव्या लागतात. कुणी सारखे दार ठोठावत असेल तर एखादी मात्रा निसटते. वाढत्या जिवाचेही तसेच. उष्मा, उपासमार, विष यांच्याशी झगडताना सारखेपणा सांभाळायला बळ कमी पडू शकते. फळमाशीत या सांभाळाचा एक धागा २०१२ मध्ये सापडला. एका बाजूची वाढ मागे पडली की 'डिल्प८' नावाचे संप्रेरक बाकीच्या वाढीलाही थांबवून धरते. ते नसले की दोन पंखांतला फरक वाढतो.

आता आपल्या खाडीकडे येऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाकडे नेला आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागला. पण बाटलीत भरलेले पाणी त्या दिवसापुरते बोलते. माशाचे शरीर त्याच्या बालपणाबद्दल बोलते. पराला आधार देणाऱ्या काट्यांची संख्या लहानपणीच ठरते, पुढे बदलत नाही.

म्हणून या खाडीतल्या शंभर निवट्या घ्याव्यात आणि स्वच्छ खाडीतल्या त्याच जातीच्या शंभर. दोन्हीकडच्या परांचे काटे दोनदा मोजावेत, कारण हा फरक इतका बारीक असतो की मोजणीतली चूकच त्याहून मोठी ठरू शकते. कोणती निवटी कुठली, हे मोजणाऱ्याला सांगू नये. एवढे करूनही निष्कर्ष सावधपणे काढावा. जगभरच्या अशा अभ्यासांत काही ठिकाणी ताण आणि फरक यांचे नाते दिसले, काही ठिकाणी दिसले नाही. फरक दिसला तरी दोष उष्म्याचा की विषाचा, हे तो सांगत नाही. त्यासाठी पाण्याची तपासणी जोडीला हवीच. शिवाय फार बिघडलेली पिल्ले जाळ्यात येईपर्यंत जगतच नाहीत.

आणि हो, ही फूटपट्टी माणसाच्या चेहऱ्याला लावू नये. दोन भुवया अगदी सारख्या कुणाच्या असतात?

मावशींना मी एवढेच सांगितले, "एका निवटीचा पर कुणी चावलाही असेल. शंभर निवट्यांची साक्ष काढू, मग बोलू." त्या म्हणाल्या, "काढा. पण निवट्या आहेत तोवर काढा."