आरारूट

आजाऱ्याच्या पोटात अन्न ठरेनासे झाले, म्हणजे त्याला आरारूटाची पातळ कांजी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हे पांढरेशुभ्र पीठ कोणत्याही धान्याचे नव्हे. ते एका वनस्पतीच्या गड्ड्यांचे सत्त्व होय.

आरारूटाचे मूळ स्थान अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. त्याचे झाड कमरेएवढे वाढते व पाने हळदीच्या पानांसारखी दिसतात. सोळाव्या शतकातील बार्तोलोमेओ मारांता या इटालियन वैद्याच्या नावावरून या वनस्पतिगणाला ‘मारांता’ म्हणतात. ब्राझीलमधील याच गणातील एक सुंदर झाड लोक घरात कुंडीत लावतात. दिवसा त्याची पाने आडवी पसरलेली असतात. रात्री ती हात जोडल्यासारखी उभी राहतात. पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातील पेशींत पाणी भरले वा ओसरले, की पान हलते.

कुंडीतल्या झाडाचे मोल पानांत, तर शेतातल्या आरारूटाचे मोल जमिनीखाली. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि झाड त्याचा साठा पुढील वाढीसाठी गड्ड्यांत करून ठेवते. लागवडीनंतर दहा-बारा महिन्यांनी गड्डे खणून काढतात. ते धुऊन, सोलून, किसतात व पाण्यात कालवून गाळतात. चोथा मागे राहतो आणि दुधासारखे पाणी खाली उतरते. ते स्थिर ठेवले, की सत्त्व तळाशी बसते. वरचे पाणी ओतून सत्त्व पुन्हा धुतात व वाळवतात. धुण्यात हयगय झाली, तर पिठाची शुभ्रता जाते.

वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट हे बेट आरारूटासाठी जगप्रसिद्ध आहे. तेथील उसाच्या मळ्यांवर पूर्वी गुलाम राबत. १८३८ मध्ये ते पूर्ण स्वतंत्र झाले. पुढे आरारूट हे बेटाचे प्रमुख पीक बनले. त्याची शेते मुख्यतः उत्तरेस, सूफ्रिएर ज्वालामुखीच्या परिसरात आहेत. १९०२ च्या उद्रेकात दीड हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एप्रिल २०२१ मध्ये ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. शेतांवर राख पसरली व हजारो लोकांना घरे सोडावी लागली.

आपण ज्याला आजाऱ्याचे हलके अन्न म्हणतो, त्याच्या जोरावर तेथील शेतकऱ्यांनी ज्वालामुखीच्या छायेत आपले संसार उभे केले आहेत.