परकीय दहशतवादी संघटना (अमेरिका)

परकीय दहशतवादी संघटना ही अमेरिकेच्या कायद्यातील एक संज्ञा आहे. एखादी विदेशी संघटना दहशतवादी कृत्ये करते किंवा तशी क्षमता व इरादा बाळगते आणि त्यामुळे अमेरिकी नागरिकांना वा त्या देशाच्या राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे, असा निष्कर्ष परराष्ट्रमंत्र्यांनी काढल्यास तिचे नाव या यादीत घातले जाते. निर्णय प्रशासकीय असला, तरी त्याचे परिणाम फौजदारी स्वरूपाचे असतात. यादीविषयीचे बहुतेक वाद या विसंगतीतूनच उद्भवले आहेत. दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांची अमेरिकेची यादी याहून वेगळी आहे.

कायदेशीर आधार

ओक्लाहोमा सिटी येथील बॉम्बस्फोटाला एक वर्ष होत असताना, एप्रिल १९९६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दहशतवादविरोधी कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यान्वये स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यात कलम २१९ समाविष्ट झाले. पहिली यादी ऑक्टोबर १९९७ मध्ये निघाली. हमास, हिजबुल्ला, श्रीलंकेतील लिट्टे आणि पेरूमधील शायनिंग पाथ या संघटना तिच्यात होत्या.

परराष्ट्रमंत्री हा निर्णय ॲटर्नी जनरल व अर्थमंत्री यांच्याशी विचारविनिमय करून घेतात. काँग्रेसच्या नेत्यांना सात दिवस आधी कळवावे लागते, त्यानंतर राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध होते. संघटनेला ३० दिवसांच्या आत वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयात दाद मागता येते. मात्र पुराव्यातील गोपनीय भाग तिला दाखवला जात नाही. सरकार तो केवळ न्यायाधीशांपुढे ठेवू शकते.

परिणाम

संघटनेची अमेरिकी बँकांतील रक्कम गोठवली जाते आणि तिच्या विदेशी सदस्यांना देशात प्रवेश नाकारता येतो. सर्वांत दूरगामी तरतूद 'भौतिक साहाय्या'ची आहे. सूचीबद्ध संघटनेला जाणूनबुजून पैसा, शस्त्रे, प्रशिक्षण किंवा तज्ज्ञ सल्ला पुरवल्यास २० वर्षांपर्यंत, आणि त्यातून मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंत, शिक्षा होऊ शकते. संघटनेला यादीत घालणे मुळात चूक होते, असा बचाव आरोपीला खटल्यात घेता येत नाही.

या तरतुदीची व्याप्ती किती, हा प्रश्न २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ह्युमॅनिटेरियन लॉ प्रोजेक्ट या संस्थेला कुर्दिस्तान कामगार पक्षाच्या सदस्यांना तंटे शांततेने कसे सोडवावेत आणि संयुक्त राष्ट्रांकडे दाद कशी मागावी, हे शिकवायचे होते. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असे प्रशिक्षणही गुन्हा ठरू शकते, असा निर्णय दिला. अशा मदतीमुळे संघटनेची साधने हिंसेसाठी मोकळी होतात आणि तिला प्रतिष्ठा मिळते, असे बहुमताचे म्हणणे होते. संघटनेशी संगनमत न करता स्वतंत्रपणे तिची बाजू मांडण्यास मात्र मुभा राहिली.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याशी संबंधित एका खटल्यातही ही तरतूद निर्णायक ठरली. लष्कर-ए-तोयबाचे नाव डिसेंबर २००१ पासून यादीत होते. शिकागो येथील ज्यूरीने २०११ मध्ये तहव्वूर राणा याला मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून मुक्त केले. परंतु लष्करला भौतिक साहाय्य केल्याबद्दल आणि डेन्मार्कमधील एका कटाबद्दल दोषी ठरवले. त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे भारताकडे प्रत्यार्पण झाले.

नाव वगळणे

यादीतून बाहेर पडण्याचा मार्ग अनेकदा राजकारणातून जातो. इराणमधील मुजाहिदीन-ए-खल्क ही पहिल्या यादीपासून सूचीबद्ध होती. तिने अनेक वर्षे न्यायालयीन लढा दिला. याच काळात अमेरिकेतील दोन्ही पक्षांचे माजी उच्चपदस्थ तिच्या समर्थनार्थ सभांतून बोलत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये तिचे नाव वगळण्यात आले.

येमेनमधील हूथींचे नाव जानेवारी २०२१ मध्ये घालण्यात आले. अन्नधान्याच्या आयातीवर आणि मदतकार्यावर विपरीत परिणाम होईल, या कारणाने नव्या प्रशासनाने ते महिन्याभरात काढले. मार्च २०२५ मध्ये ते पुन्हा यादीत आले. सीरियातील हयात तहरीर अल-शामचे नाव जुलै २०२५ मध्ये रद्द झाले. तोपर्यंत तिचा नेता अहमद अल-शरा त्या देशाचा अध्यक्ष झालेला होता.

विस्तार

एप्रिल २०१९ मध्ये इराणचे इस्लामी क्रांती रक्षक दल सूचीबद्ध झाले. दुसऱ्या देशाच्या शासनाचा भाग असलेल्या दलाला या यादीत घालण्याची ती पहिलीच वेळ होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनालोआ कार्टेलसह अमली पदार्थांच्या तस्करीत गुंतलेल्या आठ टोळ्या तिच्यात आल्या. पहलगाम हल्ल्यानंतर, जुलै २०२५ मध्ये, द रेझिस्टन्स फ्रंट हे नाव लष्कर-ए-तोयबाच्या नोंदीत जोडण्यात आले.