निवृत्त घोड्याची पाठदुखी : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

शालिहोत्र, नकुल व जयदत्त यांच्या नावे चालत आलेली अश्वचिकित्सेची परंपरा आपणा सर्वांस विदित आहेच. माथेरान, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणचा अश्वपालक स्वारीतून निवृत्त झालेल्या घोड्याच्या पाठीसाठी आपल्याकडे तेल वा गुग्गुळ मागू लागला, तर त्यात नवल नाही. अशा वेळी काय द्यावे व काय देऊ नये, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

घोड्याच्या पृष्ठवंशात सामान्यतः १८ वक्षीय व ६ कटिकशेरुका असतात. खोगिराचा भार वक्षीय भागावर येतो. बेमापाचे खोगीर, कशेरुकांचे वरचे कंटक एकमेकांस घासणे, मागील पायाचा लंगडेपणा आणि खुरांचा असमतोल ही वेदनेची प्रमुख कारणे होत. स्वारी थांबली की भार उतरतो. परंतु घोडा तबेल्यातच बांधून राहिला, तर पाठीचे स्नायू क्षीण होऊन कण्याचा आधार कमी होतो. धातुक्षयजन्य वातप्रकोप तो हाच. सबब विश्रांती म्हणजे बंदिवास नव्हे.

खरारा करताना अंग चोरणे, कान मागे पाडणे, मान खाली नेण्यास टाळाटाळ करणे ही पाठदुखीची लक्षणे समजावीत. मात्र वारंवार कुशीकडे पाहून लोळणे, गडद तपकिरी मूत्र अथवा मागील पाय लटपटणे दिसल्यास अभ्यंगात वेळ न दवडता तत्काळ पशुवैद्यांस पाचारण करावे.

निदान झाल्यावर, त्यांच्या संमतीने, बाह्योपचार करावेत. कोमट तिळतेल कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर हलक्या हाताने चोळावे. कंटकांवर दाब देऊ नये. जखम वा ताजी सूज नसल्यास वालुकापोटलीने शेकावे. पोटली प्रथम स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी. सपाट जमिनीवर हाती धरून थोडा वेळ चालवावे व हे चालणे क्रमाने वाढवावे. गाजर दाखवून मान खाली व दोन्ही कुशींकडे वळवून घ्यावी. शक्य तेथे कुरणात मोकळे सोडावे.

आभ्यंतर औषधांविषयी विशेष सावधगिरी हवी. घोड्यास वांती होत नाही; त्यामुळे मात्राधिक्य झाल्यास वमनाचा मार्ग उपलब्ध नसतो. वत्सनाभ किंवा कुचला असलेले कल्प मनुष्याच्या मात्रेस वजनाने गुणून देणे घातक ठरेल.

औषधविक्रेत्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. डायक्लोफिनॅकचा पशूंसाठीचा वापर २००६ साली, तर अ‍ॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांचा २०२३ साली प्रतिबंधित झाला. औषधाचा अंश असलेले मृत जनावर खाल्ल्यास गिधाडांची वृक्के निकामी होतात, हे त्यामागील कारण. माणसासाठीच्या गोळ्या वा इंजेक्शने घोड्यासाठी देणे म्हणूनच सर्वथा अयोग्य होय.

तेलाची बाटली हाती देण्यापूर्वी ‘पशुवैद्यांनी घोडा पाहिला आहे काय?’ एवढे प्रत्येकाने अवश्य विचारावे, अशी आमची विनंती आहे.