तळव्यांची आग ओळखणारे दहा प्रश्न

तळपायाची आग, मुंग्या, करंट बसल्यासारखी चमक. कळवणसारख्या तालुक्याच्या गावी मधुमेहाचा किंवा नागीण होऊन गेलेला रुग्ण असं सांगू लागला, तर दुखणं बहुधा मज्जातंतूंचं असतं. साध्या वेदनाशामक गोळीला ते फारसं दाद देत नाही.

ते ओळखायला यंत्र लागत नाही. फ्रान्समध्ये तयार झालेली ‘डीएन४’ प्रश्नावली २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा बाबी आहेत. सात रुग्णाला विचारायच्या, तीन डॉक्टरांनी तपासायच्या: दुखऱ्या जागी स्पर्श कमी कळतो का, टोचलेलं कमी कळतं का, मऊ ब्रश फिरवल्यावर दुखतं किंवा वाढतं का. दहापैकी चार ‘हो’ आले, की संशय बळावतो.

मुंबईत उपचार घेतलेल्या १०१ कुष्ठरुग्णांच्या पाहणीत हीच प्रश्नावली वापरली गेली. २२ जणांना मज्जातंतूंची वेदना असल्याचं आढळलं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. कुष्ठरोग म्हणजे बधिरपणा, वेदना नाहीच, या समजाला त्यातून चांगलाच तडा जातो.

नेहमीच्या इतर तपासण्या इथे पुरत नाहीत. पायाला टेकवायचा दहा ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू बधिरपणा दाखवतो, दुखणं नाही. ‘एनसीव्ही’ ही मज्जातंतूंची चाचणी फक्त जाड मज्जातंतूंतल्या संदेशाचा वेग मोजते. जळजळ बहुतेकदा बारीक मज्जातंतूंची असते. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘तुम्हाला काही नाही, बाबा’ असं सांगणं चूकच.